प्रायमरी: उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत मतदाराला सांगतं कोण?

२ ऑगस्ट २०२२. मिशिगन राज्यात डेट्रॉइट आणि आसपासच्या भागात डेमोक्रॅटिक पक्षाची प्रायमरी होती. अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या १३व्या मतदारसंघासाठी पक्षाचे नऊ जण एकमेकांविरुद्ध उभे होते. जिंकले श्री ठाणेदार, आपले बेळगावकडचे. त्यांना साधारण २२ हजार मतं पडली, म्हणजे झालेल्या मतदानाच्या २८ टक्के. उरलेली ७२ टक्के मतं आठ जणांत वाटली गेली. नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत त्याच ठाणेदारांना ७१ टक्के मतं मिळाली. मतदारसंघ डेमोक्रॅटिक पक्षाचा हक्काचा असल्यामुळे नोव्हेंबरच्या निकालाबद्दल कोणाला शंका नव्हती.

या मतदारसंघाची लोकसंख्या पावणेआठ लाखांच्या आसपास आहे. एवढ्या लोकांच्या वतीने वॉशिंग्टनमध्ये कोण बसणार हे ऑगस्टच्या एका मंगळवारी २२ हजार मतांनी ठरलं. या निकालाचा दुसरा परिणामही लक्षात घ्यायला हवा. डेट्रॉइट हे कृष्णवर्णीय बहुसंख्येचं शहर, पण तिथल्या कृष्णवर्णीय उमेदवारांमध्ये मतं फुटली आणि जवळपास सत्तर वर्षांत पहिल्यांदाच शहराला काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, कृष्णवर्णीय प्रतिनिधी उरला नाही. आपल्याला मराठी माणूस निवडून आल्याचा आनंद होणं स्वाभाविक आहे. डेट्रॉइटमधल्या अनेकांना त्या रात्री वेगळंच वाटलं असणार.

अमेरिकेत प्रायमरीच्या आधी गावोगावचे स्वयंसेवक मतदारांना माहिती देण्याची एवढी धडपड का करतात, ते इथून समजायला लागतं.

आधी प्रायमरी म्हणजे काय

महाराष्ट्रात निवडणूक जवळ आली की एबी फॉर्मची चर्चा सुरू होते. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारपर्यंत इच्छुक ताटकळत बसतात, फॉर्म कोणाच्या हातात पडला त्यावर पक्षाचा अधिकृत उमेदवार ठरतो, उरलेले बंडखोरी करतात किंवा घरी जातात. हा निर्णय वरून येतो, मतदाराला त्यात काही विचारलं जात नाही. अमेरिकेत एबी फॉर्म मतदारांच्या हातात असतो, असं म्हणायला हरकत नाही. पक्षाचा उमेदवार कोण, हे ठरवण्यासाठीच एक वेगळी सरकारी निवडणूक होते. तीच प्रायमरी.

पूर्वी तिथेही हायकमांडच होतं. पक्षाची अधिवेशनं भरायची आणि बंद खोलीत नावं ठरायची. विस्कॉन्सिनमध्ये रॉबर्ट ला फॉलेट यांनी त्याविरुद्ध बरीच वर्षं लढा दिला. १९०४ साली तिथल्या मतदारांनी थेट प्रायमरीचा कायदा मंजूर केला आणि पुढे ही पद्धत इतर राज्यांत पसरली. राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रायमरीचं गणित थोडं वेगळं आहे. तिथे मतांवरून पक्षाच्या अधिवेशनातले प्रतिनिधी ठरतात. त्या गणितात इथे शिरत नाही, कारण स्वयंसेवकांची खरी कसोटी खालच्या पदांच्या प्रायमरीत लागते.

ती का, ते पाहू. नोव्हेंबरच्या निवडणुकीत मतदाराला उमेदवाराबद्दल काहीच ठाऊक नसलं तरी नावापुढे पक्ष लिहिलेला असतो. तेवढ्यावर बहुतेकांचं भागतं. प्रायमरीत सगळेच एका पक्षाचे. नऊ नावं, नवांपुढे तोच शिक्का. मग मतदार काय बघणार? ओळखीचं आडनाव, घरात येऊन पडलेलं चकचकीत पत्रक, टीव्हीवरची जाहिरात किंवा मतपत्रिकेवर सगळ्यात वर छापलेलं नाव. पूर्वी गावचं वर्तमानपत्र उमेदवारांच्या मुलाखती छापायचं. २००५ पासून अमेरिकेत अडीच हजारांहून अधिक स्थानिक वर्तमानपत्रं बंद पडली आहेत. काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाच्या, न्यायाधीशासाठी किंवा शेरीफच्या, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाच्या, जागेसाठी उभ्या असलेल्यांना प्रश्न विचारायला आता कित्येक ठिकाणी पत्रकारच नाही.

त्यात मतदानही तुटपुंजं. २०२२च्या प्रायमऱ्यांमध्ये देशभरात पात्र मतदारांपैकी साधारण पाचातला एक जण मतदानाला गेला. त्यामुळे एका मताचं वजन इथे नोव्हेंबरपेक्षा कितीतरी जास्त असतं.

नियमांचं जंगल

स्वयंसेवकाचा बराचसा वेळ उमेदवारांबद्दल सांगण्यात जातच नाही. तो जातो ‘मला मत देता येईल का?’ या प्रश्नाचं उत्तर देण्यात. पन्नास राज्यांत याची उत्तरं वेगवेगळी आहेत.

फ्लोरिडा, पेन्सिल्वेनिया, न्यूयॉर्क इथे प्रायमरी बंदिस्त असते. मतदार म्हणून नाव नोंदवताना ज्या पक्षाचं नाव लिहिलं, त्याच पक्षाच्या प्रायमरीत मत देता येतं. पक्ष लिहिला नसेल तर प्रायमरीच्या दिवशी घरी बसा. न्यूजर्सीत दार अर्धं उघडं आहे. कोणत्याच पक्षात नोंद नसेल तर मतदान केंद्रावर त्याच दिवशी पक्ष निवडता येतो. पण एकदा एका पक्षात नोंद झाली आणि दुसऱ्या पक्षाच्या प्रायमरीत जायचं असलं, तर ५५ दिवस आधी अर्ज करावा लागतो. टेक्सास आणि मिशिगनमध्ये दार सगळ्यांना खुलं आहे. पक्षाची नोंदणीच नाही, कोणत्याही एका पक्षाच्या प्रायमरीत मत द्या.

‘कोणत्याही एका’ यातल्या ‘एका’वर मिशिगनमध्ये बऱ्याच मतपत्रिका वाया जातात. तिथे दोन्ही पक्षांचे रकाने एकाच कागदावर शेजारीशेजारी छापलेले असतात. मतदार गव्हर्नरसाठी, म्हणजे राज्याच्या प्रमुखपदासाठी, एका पक्षातला माणूस निवडतो, खाली राज्याच्या विधिमंडळासाठी दुसऱ्या पक्षातला. नोव्हेंबरमध्ये हे चालतं. ऑगस्टमध्ये असं केलं की मतपत्रिकेचा पक्षांचा सगळा भाग बाद. यंत्र आधी इशारा देतं, पण टपालाने पाठवलेल्या मतपत्रिकेला इशारा कोण देणार? म्हणून ऑगस्टच्या आधी तिथल्या स्वयंसेवकांच्या पत्रकावर सगळ्यात ठळक अक्षरात हीच सूचना असते: एकाच रकान्यात राहा.

कॅलिफोर्नियाची तऱ्हा आणखी निराळी. २०१० साली मतदारांनी मंजूर केलेल्या बदलानुसार तिथे राज्यातल्या आणि काँग्रेसच्या बहुतेक पदांसाठी सगळ्या पक्षांचे उमेदवार एकाच यादीत येतात आणि पहिले दोन नोव्हेंबरमध्ये लढतात, मग ते एकाच पक्षाचे का असेनात. २०१२ साली सॅन बर्नार्डिनो भागातल्या ३१व्या मतदारसंघात याचा प्रसाद मिळाला. मतदारसंघाचा कल डेमोक्रॅटिक पक्षाकडे होता, पण त्या पक्षाचे चार जण उभे राहिले, मतं विभागली, आणि पुढे गेले ते दोन्ही रिपब्लिकन. नोव्हेंबरमध्ये तिथल्या डेमोक्रॅटिक मतदारांसमोर आपल्या पक्षाचा एकही पर्याय नव्हता.

राष्ट्राध्यक्षपदासाठी मात्र कॅलिफोर्निया पुन्हा पक्षनिहाय मतपत्रिका देतं. म्हणजे एकाच दिवशी, एकाच राज्यात दोन पद्धती. याच राज्यात ‘अमेरिकन इंडिपेंडंट पार्टी’ नावाचा एक उजव्या विचारांचा छोटा पक्ष आहे. अर्जावर ‘इंडिपेंडंट’ हा शब्द दिसला की आपण अपक्ष आहोत असं सांगण्यासाठी लोक त्यापुढे खूण करतात आणि नकळत त्या पक्षाचे सदस्य होतात. २०१६ साली लॉस एंजेलिस टाइम्सने या पक्षात नोंद असलेल्यांची पाहणी केली, तेव्हा जवळपास चारातल्या तिघांना आपण या पक्षात आहोत याचा पत्ताच नव्हता. त्यांना वाटत होतं, आपण कोणत्याच पक्षाचे नाही.

गोंधळ फक्त सामान्य माणसाचा होतो असंही नाही. एप्रिल २०१६ मध्ये न्यूयॉर्कची प्रायमरी होती आणि डोनाल्ड ट्रम्प मैदानात होते. त्यांची मुलं इव्हांका आणि एरिक यांना वडिलांना मत देता आलं नाही. दोघांची नोंद कोणत्याच पक्षात नव्हती आणि पक्ष नोंदवायची मुदत आदल्या ऑक्टोबरमध्येच संपली होती. सहा महिन्यांपेक्षा जास्त आधी! २०१९ साली न्यूयॉर्कने ही मुदत १४ फेब्रुवारीपर्यंत पुढे आणली. प्रायमरी जूनमध्ये असते, म्हणजे अजूनही चार महिने आधीच जागं व्हावं लागतं. म्हणून तिथल्या स्वयंसेवकांचा हंगाम ऐन थंडीत सुरू होतो. जूनमध्ये दारावर टकटक करून ‘तुमचा पक्ष चुकीचा नोंदला आहे’ म्हणून सांगण्यात काय अर्थ?

ही माणसं कोण

दोन जातीचे स्वयंसेवक असतात आणि त्यांची सरमिसळ करू नये. एक उमेदवाराचे. ते दार वाजवतात, आपल्या उमेदवाराचं गुणगान गातात आणि त्यात गैर काहीच नाही. दुसरे कोणाचेच नसलेले. ते तारखा, नियम आणि सगळ्या उमेदवारांची उत्तरं सांगतात, पण मत कोणाला द्यावं हे सांगत नाहीत. मी इथे लिहितोय ते या दुसऱ्यांबद्दल.

यातलं सगळ्यात जुनं आणि मोठं नाव लीग ऑफ विमेन व्होटर्स. १९२० सालच्या फेब्रुवारीत शिकागोत कॅरी चॅपमन कॅट यांच्या पुढाकाराने ही संघटना स्थापन झाली. स्त्रियांना मताधिकार देणारी १९वी घटनादुरुस्ती त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मंजूर व्हायची होती. कोट्यवधी बायकांना एकदम मत मिळणार, मग ते वापरायचं कसं हे कोणीतरी सांगायला नको का, असा साधा विचार त्यामागे होता. आता पुरुषही सदस्य असतात. गावागावांत शाखा आहेत आणि बरीचशी कामं निवृत्त शिक्षिका, ग्रंथपाल, वकील अशी मंडळी घरच्या जेवणाच्या टेबलावर बसून करतात.

त्यांचं मुख्य काम म्हणजे उमेदवारांना प्रश्नावली पाठवणं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण त्यात बरीच शिस्त आहे. एका पदासाठी उभ्या असलेल्या सगळ्यांना तेच प्रश्न, तीच शब्दमर्यादा, तीच मुदत. आलेलं उत्तर जसंच्या तसं छापायचं. स्पेलिंगची चूक असली तरी दुरुस्त करायची नाही, कारण एकाची भाषा सुधारली की त्याच्यावर मेहेरबानी केल्यासारखं होतं. उत्तर आलं नाही तर त्या जागी ‘उत्तर दिलं नाही’ एवढंच. २००६ पासून ही उत्तरं ‘व्होट ४११’ या संकेतस्थळावर एकत्र मिळतात. आपला पत्ता टाकला की आपल्या मतपत्रिकेवर येणारी नावं दिसतात आणि दोन उमेदवार शेजारीशेजारी ठेवून वाचता येतात.

प्रश्न लिहिणं हेच खरं कौशल्याचं काम आहे, असं मला वाटतं. ‘शाळा सुधारण्यासाठी तुम्ही काय कराल?’ असं विचारलं की नऊच्या नऊ जण मुलं म्हणजे देशाचं भविष्य म्हणून मोकळे होतात. एका पक्षाच्या उमेदवारांमध्ये मोठ्या मुद्द्यांवर मतभेद नसतातच. प्रायमरीचा प्रश्न टोकदार हवा: अमुक कर वाढवायच्या प्रस्तावावर तुम्ही हो म्हणणार की नाही, पैसा कमी पडला तर आधी कशाला कात्री लावणार. आणि टोकदार असूनही तो कोणा एका उमेदवाराच्या सोयीचा नको. एकेका वाक्यावर शाखेत तास तास चर्चा होते ती यासाठी.

दुसरं काम उमेदवारांच्या सभा. शाळेच्या सभागृहात किंवा ग्रंथालयात सगळे उमेदवार एका टेबलामागे. सूत्रसंचालक बहुधा शेजारच्या गावच्या शाखेतून बोलावलेला असतो, म्हणजे त्याचं स्वतःचं मत या मतदारसंघात नसतं. श्रोते छोट्या कार्डांवर प्रश्न लिहून देतात, दोघंतिघं स्वयंसेवक एकसारखे प्रश्न एकत्र करतात आणि व्यक्तिगत चिखलफेक बाजूला काढतात. पहिल्या रांगेत वेळ मोजणारी एक बाई हिरवं, पिवळं, लाल कार्ड घेऊन बसलेली असते. प्रचाराचे बिल्ले आणि फलक दाराबाहेर. कार्यक्रम थोडा कंटाळवाणा होतो हे कबूल करायला हवं. टीव्हीवरच्या वादविवादात जी धमाल असते ती इथे औषधालाही नसते. पण दीड तासात नऊ माणसं त्याच प्रश्नाला कशी सामोरी जातात ते दिसतं, आणि ते दुसरीकडे कुठेच दिसत नाही.

एकच उमेदवार आला तर? बऱ्याच शाखा अशी सभा रद्द करतात, कारण एकट्याला माइक देणं म्हणजे त्याचा प्रचार केल्यासारखं होतं. याचा फायदा उठवणारेही असतात. जिंकण्याची खात्री असलेला विद्यमान प्रतिनिधी यायचं टाळतो आणि नव्या उमेदवाराची मतदारांसमोर यायची एकमेव संधी हुकते. मला हा नियम अर्धवट वाटतो. पण त्याला पर्याय काय, याचं सोपं उत्तर मीही देऊ शकत नाही.

कोणाची बाजू न घेण्याची कसरत

बाजू न घेण्यामागे तत्त्व आहे, तसा कायदाही आहे. करमाफी मिळालेल्या धर्मादाय संस्थांना, म्हणजे करकायद्याच्या ५०१ (सी)(३) कलमाखाली नोंदलेल्या संस्थांना, कोणत्याही उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात प्रचार करायला १९५४ पासून मनाई आहे. लिंडन जॉन्सन तेव्हा सिनेटर होते, दुरुस्ती त्यांचीच. मतदारनोंदणी करता येते, सभा घेता येते, प्रश्नावली छापता येते. ‘यातला हा बरा’ म्हणता येत नाही.

ही बाब आपल्या मंडळींनी नीट ऐकावी, कारण अमेरिकेतली अनेक महाराष्ट्र मंडळं याच कलमाखाली नोंदलेली आहेत. एखादा मराठी उमेदवार उभा राहिला की गणेशोत्सवात त्याला मंचावर बोलवावं, चार शब्द बोलू द्यावेत, असं वाटतंच. त्याला उमेदवार म्हणून बोलावलं तर त्याच पदासाठी उभ्या असलेल्या इतरांनाही तशीच संधी द्यावी लागते. नाहीतर मंडळाची करमाफी धोक्यात येऊ शकते. मंडळाचा अध्यक्ष घरी जाऊन, स्वतःच्या नावाने, स्वतःच्या खिशातून कोणालाही पाठिंबा देऊ शकतो. मंडळाच्या ईमेलवरून मात्र नाही.

लीगवरही आक्षेप घेतले जातात. ती उमेदवारांबद्दल गप्प राहते, पण धोरणांवर भूमिका घेते: मताधिकार, गर्भपात, बंदुकांवरचे निर्बंध. त्या भूमिका पाहून रिपब्लिकन गोटातले बरेच जण तिला डावीकडे झुकलेली म्हणतात आणि काही उमेदवार तिच्या प्रश्नावलीला उत्तर देत नाहीत. आक्षेप अगदीच हवेत नाही. दोन कामं एकाच पाटीखाली चालवली की असं होणारच. दुसऱ्या बाजूला, ताठपणाही तिने दाखवला आहे. १९७६, १९८० आणि १९८४ सालचे राष्ट्राध्यक्षपदाचे वादविवाद लीगनेच घडवले होते. १९८८ साली दोन्ही पक्षांनी आपसात संगनमत करून सूत्रसंचालकापासून श्रोत्यांपर्यंत सगळ्यावर ताबा मागितला, तेव्हा ही मतदारांची फसवणूक आहे असं जाहीर करून लीग शेवटच्या वादविवादातून बाहेर पडली.

मतपत्रिकाच बोलायला लागली तर

न्यूजर्सीतल्या वाचकांना हे ओळखीचं वाटेल. तिथे वर्षानुवर्षं प्रायमरीची मतपत्रिका चमत्कारिक असायची. काउंटीतल्या पक्षाने ज्यांना पसंती दिली ते सगळे उमेदवार, वरच्या पदापासून गावच्या पदापर्यंत, एका सलग ओळीत. बाकीचे कोपऱ्यात, मध्ये रिकाम्या चौकटी सोडून, कुठेतरी लांब. २१ पैकी १९ काउंट्यांत ही पद्धत होती आणि तिला नुसतं ‘लाइन’ म्हणायचे. ओळीत नाव असलं की अर्धी लढाई जिंकलेली. इथे स्वयंसेवकांना मतदारांना मुद्दाम सांगावं लागायचं की बाबांनो, ओळ पाळणं सक्तीचं नाही, प्रत्येक पदासाठी स्वतंत्र विचार करून खूण करता येते.

२०२४ साली सिनेटसाठी उभे असलेले अँडी किम यांनी या पद्धतीला न्यायालयात आव्हान दिलं. २९ मार्चला न्यायाधीश झाहिद कुरेशी यांनी त्या वर्षीच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत ‘लाइन’ वापरायला मनाई केली, आणि २०२५ साली राज्याने कायदाच बदलला. आता एका पदाचे सगळे उमेदवार एका चौकटीत. मतपत्रिका प्रामाणिक झाली, पण मतदाराचं काम वाढलं! पूर्वी पक्षाने आखलेली वाट तरी होती, आता प्रत्येक चौकटीत स्वतः निवडायचं. खाली पक्षाच्या काउंटी कमिटीच्या जागा असतात, आपल्या वॉर्डापेक्षाही छोट्या भागातून निवडलेल्या. तिथे कित्येकदा एकही नाव छापलेलं नसतं. पण मध्येच एखादं पद रिकामं झालं तर पक्षातर्फे त्या जागी कोण, यात याच कमिटीचा शब्द चालतो.

जॉन्स आयलंडचं दुकान

प्रायमरीसाठी लोकांना तयार करण्याची अमेरिकेतली सगळ्यात धाडसी मोहीम कोणती, असं विचारलं तर मी दक्षिण कॅरोलायनाकडे बोट दाखवेन.

दक्षिणेकडच्या राज्यांत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात डेमोक्रॅटिक पक्षाशिवाय दुसरा पक्ष नावालाच होता. प्रायमरी जिंकला तो निवडून आला. म्हणून गोऱ्यांनी काय केलं, तर प्रायमरीच फक्त गोऱ्यांसाठी ठेवली. पक्ष ही खाजगी संस्था आहे, सदस्य कोण ते आम्ही ठरवू, असा युक्तिवाद. १९४४ साली टेक्सासमधल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. दक्षिण कॅरोलायनाने पळवाट म्हणून प्रायमरीबद्दलचे आपले कायदेच रद्द करून टाकले. ती पळवाट १९४७ साली चार्ल्स्टनचे न्यायाधीश जे. वेटीज वेअरिंग यांनी बुजवली. स्वतः जुन्या गोऱ्या घराण्यातला हा माणूस पुढे वाळीत पडला आणि शहर सोडून गेला.

दार उघडलं, पण उंबरठ्यावर वाचनाची परीक्षा होती. मतदार म्हणून नाव नोंदवायचं तर राज्यघटनेतला उतारा वाचून दाखवा. चार्ल्स्टनजवळच्या जॉन्स आयलंडवर एसॉ जेन्किन्स नावाचे गृहस्थ बस चालवायचे, बेटावरच्या लोकांना शहरात कामाला न्यायचे. बसमधल्या अ‍ॅलिस वाइन यांनी त्यांना सांगितलं, मला वाचायला शिकवा, मी मत देईन. जेन्किन्स यांनी नोंदणीच्या कायद्याचे कागद आणले आणि बसमध्येच लोकांना ते समजावून द्यायला सुरुवात केली.

बस पुरेना. शिक्षिका सेप्टिमा क्लार्क यांना १९५६ साली नागरी हक्कांच्या संघटनेचं सदस्यत्व सोडत नाहीत म्हणून नोकरीवरून काढलं होतं. त्या टेनेसीतल्या हायलँडर या प्रौढशिक्षण केंद्रात काम करू लागल्या आणि त्यांच्या मदतीने जानेवारी १९५७ मध्ये बेटावर पहिला रात्रीचा वर्ग सुरू झाला. जागा म्हणजे सहकारी दुकानाची मागची खोली. पुढे किराणा, त्यामुळे गोऱ्यांना संशय येत नसे. शिकवायला बर्निस रॉबिन्सन. त्या केशरचना आणि शिवणकाम करायच्या, शिक्षिका नव्हत्या, आणि क्लार्क यांना नेमकं तेच हवं होतं. शिकलेल्या मास्तरासमोर आपलं अडाणीपण उघडं करायला मोठी माणसं लाजतात. रॉबिन्सन यांनी आधी विद्यार्थ्यांनाच विचारलं, तुम्हाला काय शिकायचंय? कोणाला सही करायची होती, कोणाला मनीऑर्डर भरायची होती, कोणाला मुलांची पत्रं वाचायची होती. त्यातूनच अक्षरं आणि अक्षरांतून नोंदणीचा उतारा.

हे वर्ग पुढे दक्षिणेत शेकडो ठिकाणी गेले. १९६५च्या मताधिकार कायद्याने दक्षिण कॅरोलायनासारख्या राज्यांतली वाचनपरीक्षा बंद पाडली. आजच्या स्वयंसेवकांसमोर तशी जोखीम नाही. पण शेजारच्या माणसाने, समोरच्याला हवं तिथून सुरू करून सांगावं, ही रीत तीच राहिली आहे.

काय केलं की माणसं खरंच मत देतात

यावर मिशिगनमधल्याच प्रायमरीत एक गाजलेला प्रयोग झाला. ऑगस्ट २००६ मध्ये संशोधकांनी हजारो घरांना टपालाने वेगवेगळी पत्रं पाठवली. मतदान हे कर्तव्य आहे एवढंच सांगणाऱ्या पत्राने मतदान दोन टक्क्यांच्या आतच वाढलं. दुसऱ्या एका पत्रात शेजाऱ्यांची नावं आणि मागच्या निवडणुकांत त्यांनी मत दिलं की नाही ते छापलं होतं, आणि या वेळचाही हिशेब कळवू असा इशारा होता. पत्र न मिळालेल्या घरांत मतदान ३० टक्क्यांच्या जवळपास झालं, हे पत्र मिळालेल्या घरांत जवळपास ३८ टक्के.

चार लोकांत नाव निघण्याची भीती अमेरिकेतही तेवढीच चालते म्हणायची. स्वयंसेवकांच्या संस्था मात्र शक्यतो या वाटेला जात नाहीत. उद्या त्याच घरी पुन्हा जायचं असतं आणि लाजवलेला माणूस दार उघडत नाही. समोरासमोरच्या भेटीचा परिणाम टपालापेक्षा आणि फोनपेक्षा जास्त होतो, हे न्यू हेवन शहरात १९९८ साली केलेल्या प्रयोगात दिसलं होतं. म्हणून दार वाजवणंच बरं.

ता. क. म्हणून एक गोष्ट: तुम्ही कोणाला मत दिलं हे गुप्त असतं. मत दिलं की नाही, ही नोंद मात्र सार्वजनिक असते. अनेक राज्यांत पक्षाची नोंदही. आपल्याकडच्या बऱ्याच लोकांना हे ऐकून धक्का बसतो.

मराठी घरात

मताधिकार कायद्यात १९७५ साली आलेल्या आणि १९९२ साली सुधारलेल्या तरतुदीनुसार एखाद्या काउंटीत एका भाषिक गटाचे, इंग्रजी नीट न येणारे, मतदानाच्या वयाचे नागरिक १० हजारांपेक्षा जास्त किंवा पाच टक्क्यांपेक्षा जास्त असले, की त्या भाषेत मतपत्रिका आणि मदत द्यावी लागते. त्यानुसार न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये बंगालीत, लॉस एंजेलिस काउंटीत हिंदीत, आणि न्यूजर्सीतलं एडिसन ज्या काउंटीत येतं त्या मिडलसेक्समध्ये गुजरातीत साहित्य मिळतं. मराठीत कुठेही नाही. आपली संख्या विखुरलेली आणि बहुतेकांना इंग्रजी येतं. राहतात ते मुलांकडे स्थायिक होऊन नागरिक झालेले आईवडील. त्यांना ‘बोर्ड ऑफ कमिशनर्स’ म्हणजे काय हे मराठीत सांगणारं कोणी हवं असतं. उमेदवारांची उत्तरं मराठीत आणून ठेवण्याचं काम एखाद्या मंडळाला सहज करता येईल. सगळ्या उमेदवारांची, अर्थात.

ग्रीनकार्ड किंवा एच-१बी असलेल्यांना मत नाही, आणि नोंदणीही चुकून करू नये. वाहन परवान्याच्या खिडकीवर ‘मतदार म्हणून नोंद करायची का’ असं विचारतात, तिथे घाईत ‘हो’वर खूण झाली तर पुढे नागरिकत्वाच्या अर्जात मोठी अडचण येऊ शकते. बिनपगारी माहिती देण्याच्या कामात मात्र त्यांना हातभार लावता येतो. नोंदणीचे अर्ज गोळा करायचे असतील तर आधी त्या राज्याचे नियम पाहावेत. टेक्सासमध्ये त्यासाठी काउंटीकडून रीतसर नेमणूक घ्यावी लागते आणि भरलेला अर्ज पाच दिवसांत कचेरीत पोचवावा लागतो.

आणि मतदान केंद्रावर जायच्या दिवसासाठी: घरी खुणा करून ठेवलेली नमुना मतपत्रिका बरोबर न्यावी. कागद चालतो, फोन अनेक ठिकाणी चालत नाही. इंग्रजी वाचता येत नसेल किंवा डोळ्यांना दिसत नसेल तर मतदाराला आपल्या पसंतीचा मदतनीस आत नेता येतो, हा देशभर लागू असलेला कायदा आहे. मुलगा, सून, शेजारीण, कोणीही चालेल. फक्त मालक, मालकाचा माणूस किंवा कामगार संघटनेचा अधिकारी नको. केंद्रावरच्या एखाद्या कर्मचाऱ्याला हे ठाऊक नसेल तर मताधिकार कायद्याचं कलम २०८ असं शांतपणे सांगावं. मदतनिसाने वाचून दाखवायचं आणि मतदार सांगेल तिथेच खूण करायची. सुनेला दुसरा उमेदवार आवडत असला तरी.